‘तात्पुरतं’ म्हणजे नेमकं कधीपर्यंत? टेम्प टेबल, टेबल व्हेरिएबल आणि सीटीई पायरीपायरीनं

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरचा एक रिपोर्ट, एकट्यानं चालवला की बिनतक्रार चालायचा. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दुसऱ्याचा पडायचा, आणि पाच मिनिटांनी त्यानंच पुन्हा चालवला की चालायचा. एरर सांगायचा की या नावाचं ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये आधीच आहे. आता आतलं टेबल तर # लावलेलं, म्हणजे टेम्प (तात्पुरतं) टेबल, प्रत्येक सेशनचं (एकेका कनेक्शनचं) वेगळं. मग टक्कर कशाची? दीड दिवस मी टेबलाच्या नावाकडे बघत बसलो. एररमधलं नाव टेबलाचं नव्हतंच, ते प्रायमरी कीचं होतं. कोणीतरी शिस्तीच्या नादात त्या कन्स्ट्रेंटला (टेबलावरच्या नियमाला) छान नाव देऊन ठेवलं होतं. एसक्यूएल सर्व्हर # टेबलाच्या नावामागे भरपूर अंडरस्कोर आणि एक हेक्स आकडा जोडून ते वेगळं करतो, पण कन्स्ट्रेंटच्या नावाला हात लावत नाही. त्यामुळे टेम्पडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या गोष्टींच्या डेटाबेसमध्ये) ते नाव एका वेळी एकालाच मिळतं. नाव काढलं, नुसतं ‘प्रायमरी की’ ठेवलं, भांडण मिटलं. (ते ‘कोणीतरी’ म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचा मीच.)

तात्पुरत्या साठ्याच्या बहुतेक भानगडी अशाच असतात. सिंटॅक्स सोपा असतो, पहिल्या दिवशी सगळं चालतं, आणि नंतर कळतं की आपण ‘तात्पुरतं’ या शब्दाचा जो अर्थ धरला होता तो डेटाबेसनं धरलेला नाही. म्हणून कुठलाही प्रकार निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. हे कोणाला दिसतं? हे कधी मरतं? आणि यात काय भरलंय हे ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची, म्हणजे तिचा प्लॅन, ठरवणाऱ्या भागाला) कितपत माहीत असतं? तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि रात्री फोन त्याच्यामुळेच येतात.

खालच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. चालवताना कीवर्ड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

पायरी १: साठा हवाय की नुसतं नाव हवंय?

सगळ्यात आधी सीटीई (कॉमन टेबल एक्स्प्रेशन), म्हणजे ‘विथ’नं सुरू होणारी क्वेरी. बरेच जण तिला छोटं टेम्प टेबल समजतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती तशी नसते. तिथे सीटीई म्हणजे क्वेरीच्या एका तुकड्याला दिलेलं नाव. ते नाव तीनदा वापरलंत तर तो तुकडा तीन ठिकाणी उलगडला जातो आणि बहुतेक वेळा तीनदा चालतो. आत महागडा हिशेब असेल तर तो तीनदा होतो. शिवाय सीटीईचं आयुष्य तिच्या लगेच पुढच्या एका स्टेटमेंटपुरतं. त्याच्या पुढच्या ओळीत ते नाव वापरायला गेलात की असं ऑब्जेक्टच नाही म्हणून एरर.

पोस्टग्रेसमध्ये गोष्ट थोडी वेगळी. १२व्या आवृत्तीच्या आधी तिथे सीटीईचा निकाल आधी तयार करून बाजूला ठेवला जायचा, त्यामुळे बाहेरची ‘व्हेअर’ अट आत शिरू शकत नसे. १२पासून सीटीई एकदाच वापरलेली असेल, रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारी) नसेल आणि तिचे काही साइड इफेक्ट नसतील तर ती मुख्य क्वेरीत मिसळून टाकली जाते. जुनं वागणं हवं असेल तर ‘अ‍ॅज मटेरियलाइज्ड’ असं स्पष्ट लिहायचं, नको असेल तर ‘नॉट मटेरियलाइज्ड’. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर आलेल्या क्वेरीचा वेग अचानक बदलला तर मी आधी इथे बघतो. मायएसक्यूएलमध्ये सीटीई ८.० पासून आली. तिथे ऑप्टिमायझरनं ती साठवायची ठरवली तर क्वेरीत कितीही वेळा वापरली तरी एकदाच साठवतो.

मग खरा साठा कधी करायचा? मधला निकाल पुढे दोन-तीन वेगवेगळ्या स्टेटमेंटमध्ये लागणार असेल तेव्हा. दहा-बारा टेबलांचा जॉइन करताना ऑप्टिमायझरचा अंदाज मध्येच भरकटत असेल तेव्हा: क्वेरी दोन भागांत तोडून पहिल्या भागाचा निकाल टेबलात टाकला की दुसऱ्या भागाला अंदाजाऐवजी खरे आकडे मिळतात. आणि अ‍ॅप्लिकेशनकडून हजारो आयडींची यादी आली असेल तेव्हा. ती ‘इन’च्या कंसात कोंबण्यापेक्षा टेबलात भरून जॉइन केलेली कधीही बरी.

एकदाच वापरायचा साधा फिल्टर असेल तर टेम्प टेबल करू नका. जो डेटा इंडेक्सवरून थेट मिळाला असता तो आधी कॉपी करायचा आणि मग कॉपीतून वाचायचा, ही दुप्पट मजुरी. काही स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्रॅम) उघडल्या की #१, #२, #३ अशी सात टेबलं एकापाठोपाठ एक दिसतात. लिहिणारा माणूस पायरीपायरीनं विचार करत होता आणि प्रत्येक पायरीला त्यानं एक टेबल दिलं. लिहिताना तसं करायला माझी हरकत नाही, फक्त शेवटी त्यातली चार काढून टाका.

पायरी २: कोणाला दिसतं ते पक्कं करा

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक # म्हणजे स्थानिक टेम्प टेबल. ते तयार करणाऱ्या सेशनलाच दिसतं. दोन ## म्हणजे ग्लोबल. ते सगळ्या सेशनना दिसतं, त्यातला डेटाही सगळ्यांचा एकच. तयार करणारं सेशन संपलं आणि दुसरं कोणी ते वापरत नसलं की नाहीसं होतं.

ओरॅकलमध्ये ‘ग्लोबल टेम्पररी टेबल’चा अर्थ याच्या जवळजवळ उलटा. तिथे टेबलाची व्याख्या कायमची असते आणि सगळ्यांना दिसते, पण प्रत्येक सेशनला फक्त आपलाच डेटा दिसतो. एसक्यूएल-९२ या मानकातली कल्पना याच्या जवळची आहे. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर कोड नेताना ‘ग्लोबलला ग्लोबल’ असं सरळ भाषांतर केलंत तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये दिसायला लागेल. ओरॅकलचं ग्लोबल टेबल एसक्यूएल सर्व्हरमध्ये नेताना ते एक #चं टेबल होतं, ही गाठ मनाशी मारून ठेवा. ओरॅकलमध्ये हे टेबल इन्स्टॉलेशनच्या वेळी एकदाच तयार करायचं, प्रोसिजरच्या आत दर वेळी करायचं नाही. तिथे डीडीएल (टेबल बनवणारी, बदलणारी आज्ञा) चाललं की आपोआप कमिट होतो, आणि तुमचं अर्धवट ट्रान्झॅक्शन न सांगता पक्कं होऊन बसतं. १८सी आवृत्तीपासून प्रायव्हेट टेम्पररी टेबल हा प्रकार आलाय. त्याची व्याख्याही फक्त त्याच सेशनला दिसते आणि ते तयार करताना असा कमिट होत नाही.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये टेम्प टेबल नेहमी सेशनपुरतंच. पोस्टग्रेसमध्ये ‘ग्लोबल’ हा शब्द लिहिला तरी चालतो, पण त्यानं काहीच फरक पडत नाही. दोन्हीकडे एक सापळा सारखाच आहे: टेम्प टेबलाला खऱ्या टेबलाचंच नाव दिलं तर त्या सेशनपुरतं खरं टेबल झाकलं जातं. समजा मायएसक्यूएलमध्ये ‘ग्राहक’ नावाचं खरं टेबल आहे आणि चाचणीसाठी तुम्ही त्याच नावाचं टेम्पररी टेबल केलंत. काम झाल्यावर ‘ड्रॉप टेबल ग्राहक’ दिलं, तात्पुरतं गेलं. सवयीनं किंवा स्क्रिप्ट पुन्हा चालल्यामुळे तीच ओळ दुसऱ्यांदा गेली, तर या वेळी खरं टेबल जाईल. म्हणून तिथे नेहमी ‘ड्रॉप टेम्पररी टेबल’ लिहायचं, ते तात्पुरत्या टेबलाशिवाय कशालाही हात लावत नाही. आणि नावाला ‘टीएमपी_’ असं काही लावायचं, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळतं.

ग्लोबल ## टेबल मी गेल्या कित्येक वर्षांत क्वचितच वापरलंय. तीच प्रोसिजर दोघांनी चालवली की दुसऱ्याला ‘आधीच आहे’ म्हणून एरर येतो, नाहीतर दोघांचा डेटा एकमेकांत मिसळतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात एरर येत नाही.

पायरी ३: टेबल तयार करा, कॉलम हातानं लिहा

उदाहरण घेऊ. सहा महिन्यांत एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायचे आहेत, त्यांच्या उघड्या तक्रारी मोजायच्या आहेत, आणि मग दोन वेगळे रिपोर्ट काढायचे आहेत. यादी दोनदा लागणार, म्हणजे साठा योग्य.

क्रिएट टेबल #थंडावलेले (
    ग्राहक_क्र इन्ट नॉट नल प्रायमरी की,
    शेवटची_ऑर्डर डेट नल,
    शहर व्हारकार(६०) कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट नल,
    तक्रारी इन्ट नॉट नल डिफॉल्ट ०
);

आळस म्हणून ‘सिलेक्ट … इनटू #थंडावलेले’ असंही करता येतं, टेबल आपोआप तयार होतं. स्वतःसाठी काहीतरी शोधत असताना मी तेच करतो. पण कायमच्या कोडमध्ये नको. सिलेक्ट इनटू कॉलमचा प्रकार सिलेक्टमध्ये जे लिहिलंय त्यावरून ठरवतं. तिथे ‘नवा’ असा छोटा स्थिर मजकूर दिलात तर कॉलमची रुंदी तेवढ्याच मजकुरापुरती होते, आणि पुढे अपडेट करताना मोठा शब्द टाकला की मजकूर कापला जाईल म्हणून एरर. नुसता ‘नल’ दिलात तर कॉलम इन्ट होतो. आयडेंटिटी (आपोआप वाढणारा क्रमांक) हा गुणधर्म मूळ टेबलातून बरोबर येतो, इंडेक्स मात्र येत नाहीत. मायएसक्यूएलमध्येही ‘क्रिएट टेम्पररी टेबल … सिलेक्ट’नं इंडेक्स येत नाहीत, ते हवे असतील तर ‘लाइक’ वापरून आधी रिकामी प्रत करायची आणि मग भरायची.

आणखी एक गंमत: एकाच प्रोसिजरमध्ये ‘इफ’च्या एका फांदीत आणि ‘एल्स’च्या दुसऱ्या फांदीत त्याच नावाचं सिलेक्ट इनटू लिहिलं, तर एसक्यूएल सर्व्हर ते कंपाइलच होऊ देत नाही. प्रत्यक्षात एकच फांदी चालणार असते, पण त्याचं त्याला काही पडलेलं नाही. आधी टेबल तयार करून दोन्ही फांद्यांत ‘इन्सर्ट’ करा.

वरच्या उदाहरणातलं ‘कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट’ उगाच नाही. # टेबलाचा मजकुराचा कॉलम साधारणपणे टेम्पडीबीचं कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) घेतो, तुमच्या डेटाबेसचं नाही. दोन्ही एकच असतील तोवर कळतही नाही. मग कधीतरी डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवला जातो, तिथलं सर्व्हरचं कोलेशन वेगळं असतं, आणि जॉइनवर कोलेशनचं भांडण सोडवता येत नाही असा एरर येतो. आधीच लिहून ठेवलेले हे दोन शब्द त्या दिवशी उपयोगी पडतात. टेबल व्हेरिएबल (पायरी ५) मात्र चालू डेटाबेसचंच कोलेशन घेतं.

फॉरेन की लावायच्या भानगडीत पडू नका. एसक्यूएल सर्व्हर टेम्प टेबलावरची फॉरेन की सूचना देऊन गाळतो आणि पुढे जातो. आणि कन्स्ट्रेंटला नाव द्यायचं नाही, ते सुरुवातीला सांगितलंच.

पायरी ४: भरा, इंडेक्स करा, आणि ऑप्टिमायझरला कळवा

एसक्यूएल सर्व्हर टेम्प टेबलावर स्टॅटिस्टिक्स (आत किती आणि कशा किमती आहेत याची नोंद) आपोआप ठेवतो. पोस्टग्रेस ठेवत नाही. तिथला ऑटोव्हॅक्यूम ही टेबलांची सफाई करणारी आणि स्टॅटिस्टिक्स गोळा करणारी, पार्श्वभूमीला चालणारी वेगळी प्रक्रिया आहे, तिला दुसऱ्याच्या सेशनचं टेम्प टेबल दिसतच नाही. त्यामुळे व्हॅक्यूमही नाही आणि अ‍ॅनलाइझही नाही. टेबल भरून झालं की हातानं ‘अ‍ॅनलाइझ थंडावलेले’ ही एक ओळ लिहायची. ती न लिहिल्यास ऑप्टिमायझर ठोकताळ्यावर चालतो आणि मोठ्या टेबलासाठी भलताच प्लॅन काढू शकतो. पोस्टग्रेसमध्ये टेम्प टेबल हळू का, असं कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: अ‍ॅनलाइझ केलंस का? त्यानंतर टेम्प_बफर्स. हे टेम्प टेबलांसाठीचं प्रत्येक सेशनचं मेमरीतलं राखीव ठिकाण मुळात फक्त ८ एमबीचं असतं. वाढवायचं तर त्या सेशनमध्ये पहिलं टेम्प टेबल वापरण्याआधीच वाढवावं लागतं. आणि लक्षात ठेवा, टेम्प टेबल वाचणारा भाग पोस्टग्रेसमध्ये समांतर चालत नाही. प्रचंड डेटा असेल तर तिथे अनलॉग्ड टेबल (ज्याच्या बदलांची लॉगमध्ये नोंद होत नाही असं साधं टेबल) जास्त परवडतं.

इंडेक्स किती? जॉइनचा कॉलम प्रायमरी की असेल तर बहुतेक वेळा तेवढा पुरतो. बाकीचे मी मोजून बघितल्याशिवाय करत नाही, कारण इंडेक्स तयार करायलाही वेळ लागतो आणि टेबल एकदाच वाचायचं असेल तर तो वसूल होत नाही. मोठ्या टेबलाचे जादा इंडेक्स भरून झाल्यावर करणं साधारणपणे स्वस्त पडतं.

याला एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक अपवाद. मिनिटाला शेकडो वेळा चालणारी प्रोसिजर असेल तर सर्व्हर तिच्या टेम्प टेबलाचा सांगाडा जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच वापरतो. टेबल तयार केल्यावर वेगळं ‘क्रिएट इंडेक्स’ किंवा ‘ऑल्टर टेबल’ केलंत की ही सोय जाते. अशा ठिकाणी इंडेक्स ‘क्रिएट टेबल’च्या आतच लिहायचा, २०१४च्या आवृत्तीपासून ते जमतं.

मायएसक्यूएलची एक जुनी अडचणही इथेच सांगतो. एकाच क्वेरीत तेच टेम्पररी टेबल दोनदा वापरलं, म्हणजे स्वतःशीच जॉइन किंवा सबक्वेरीत पुन्हा, तर ‘कान्ट रीओपन टेबल’ असा एरर येतो. उपाय म्हणजे टेबलाची दुसरी प्रत करणं, किंवा त्या कामासाठी सीटीई वापरणं.

पायरी ५: टेबल व्हेरिएबल कधी?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबल व्हेरिएबल असं लिहितात: ‘डिक्लेअर @यादी टेबल (…)’. लोक म्हणतात हे मेमरीत असतं आणि टेम्प टेबल डिस्कवर, म्हणून हे वेगवान. हा समज काही केल्या जात नाही. दोन्ही टेम्पडीबीतच असतात, आणि छोटी असतील तर दोन्हींची पानं मेमरीतच राहतात. फरक दुसरीकडे आहे.

टेबल व्हेरिएबलवर कॉलमची स्टॅटिस्टिक्स नसतात. २०१९च्या आधीच्या आवृत्त्यांत ऑप्टिमायझर त्यात एकच रो आहे असं धरून चालायचा, कारण प्लॅन बनतो तेव्हा ते रिकामं असतं. एक रो धरली की तो नेस्टेड लूप जॉइन (एकेक रो घेऊन समोरच्या टेबलात शोधणं) निवडतो. एका रोसाठी ते उत्तम. आत दोन लाख रो निघाल्या की समोरच्या टेबलात दोन लाख वेळा शोध. प्रत्यक्ष प्लॅन उघडून त्या ऑपरेटरवर माउस नेलात की अंदाज १ आणि प्रत्यक्ष २,००,००० असे आकडे शेजारी शेजारी दिसतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग विसरायला होत नाही.

२०१९पासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसनं कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते सांगणारं सेटिंग) १५० किंवा वरची असेल तर, सर्व्हर व्हेरिएबल भरेपर्यंत थांबून मग पुढच्या क्वेरीचा प्लॅन बनवतो. रोंची संख्या बरोबर कळते. पण कोणत्या किमती किती वेळा आल्यात हे तरीही कळत नाही, आणि पहिल्या वेळच्या संख्येवर बनलेला प्लॅनच पुढच्या वेळी वापरला जातो. पहिल्यांदा दहा रो आल्या आणि नंतर दहा लाख, तर पुन्हा तेच दुखणं. जुन्या आवृत्तीत अडकला असाल तर त्या क्वेरीला ‘ऑप्शन (रीकंपाइल)’ लावून संख्या कळवता येते. शिवाय टेबल व्हेरिएबलमध्ये इन्सर्ट, अपडेट करणारी क्वेरी समांतर चालत नाही.

मग ते वापरायचंच कशाला? एक गोष्ट त्याला जमते जी टेम्प टेबलाला जमत नाही: रोलबॅक झाला तरी त्यातला डेटा राहतो. समजा फाइलमधून आलेले रो तपासत तपासत टाकताय, चुका एका ठिकाणी लिहून ठेवताय, आणि शेवटी चुका जास्त निघाल्या म्हणून सगळं ट्रान्झॅक्शन मागे घेताय. चुका # टेबलात लिहिल्या असतील तर रोलबॅकबरोबर त्याही गेल्या, आणि काय चुकलं हे सांगायला हातात काही उरलं नाही. @चुका मध्ये लिहिल्या असतील तर:

बिगिन ट्रान्झॅक्शन;
इन्सर्ट इनटू @चुका … ;
रोलबॅक;
इन्सर्ट इनटू चुकांची_नोंद सिलेक्ट * फ्रॉम @चुका;

शेवटची ओळ चालते आणि नोंद जागेवर राहते. या एका कारणासाठी मी टेबल व्हेरिएबलला मान देतो. दुसरा चांगला उपयोग म्हणजे टेबल-व्हॅल्यूड पॅरामीटर: अ‍ॅप्लिकेशननं आयडींची यादी थेट टेबलाच्या रूपात प्रोसिजरला द्यायची. प्रोसिजरच्या आत ते फक्त वाचता येतं.

माझा ठोकताळा सांगतो. रो शंभरच्या आसपास असतील आणि तशाच राहतील अशी खात्री असेल तर @, नाहीतर #. ‘सध्या कमी आहेत’ ही खात्री नव्हे.

पायरी ६: आयुष्य कुठे संपतं ते तपासा

प्रोसिजरच्या आत केलेलं # टेबल प्रोसिजर संपली की जातं. तिनं बोलावलेल्या आतल्या प्रोसिजरना ते दिसतं, बोलावणाऱ्याला दिसत नाही. म्हणून निकाल वर पाठवायचा असेल तर टेबल बाहेर तयार करायचं आणि आतल्या प्रोसिजरनं ते भरायचं. आत आणि बाहेर एकच नाव दोनदा वापरू नका. कुठली क्वेरी कुठल्या टेबलाला लागेल याची हमी नसते.

डायनॅमिक एसक्यूएलचंही तसंच. ‘एक्झेक’च्या मजकुरात टेबल तयार केलंत तर तो मजकूर चालून संपताच ते गेलं. पुढची ओळ त्याला शोधत बसते. टेबल आधी बाहेर, मग आत ‘इन्सर्ट’. टेबल व्हेरिएबलचं आयुष्य त्याहून छोटं: त्याच बॅचपुरतं, आणि ते आतल्या डायनॅमिक एसक्यूएललाही दिसत नाही.

खरी गोची कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे उघडी कनेक्शन्स राखून आळीपाळीनं वापरायला देण्याच्या सोयीत. सेशन संपलं की टेबल जातं हे खरं, पण पूलमधलं कनेक्शन बंद न होता पुढच्याला दिलं जातं. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या ड्रायव्हरांमध्ये कनेक्शन पुन्हा देताना सेशन रीसेट होतं आणि टेम्प टेबलं जातात. इतर ठिकाणी हे पूल कसा लावलाय त्यावर असतं. पोस्टग्रेसमध्ये ‘डिस्कार्ड टेम्प’ किंवा ‘डिस्कार्ड ऑल’ नावाची आज्ञा त्यासाठीच आहे. पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससाठीचा पूल चालवणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन पूलिंगवर असेल तर दोन ट्रान्झॅक्शन वेगवेगळ्या कनेक्शनवर जाऊ शकतात. पहिल्यात केलेलं टेबल दुसऱ्यात नसेल, किंवा दुसऱ्याच कोणाचं उष्टं टेबल सापडेल. अशा ठिकाणी टेबल तयार करताना शेवटी ‘ऑन कमिट ड्रॉप’ लिहा आणि सगळं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये उरका.

‘ऑन कमिट’चा मूळ अर्थ सगळीकडे एकच, न लिहिल्यावर काय धरायचं ते मात्र वेगळं. पोस्टग्रेस न लिहिल्यास रो ठेवतो. ओरॅकलचं ग्लोबल टेम्पररी टेबल न लिहिल्यास कमिट होताच रो पुसतं. ओरॅकलवर पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण एकदा तरी टेबल भरतो, कमिट करतो, सिलेक्ट करतो आणि रिकाम्या निकालाकडे बघत बसतो. ‘ऑन कमिट प्रिझर्व्ह रोज’ एवढंच हवं असतं.

वाचनासाठी ठेवलेल्या रेप्लिकावर (डेटाबेसच्या प्रतीवर) रिपोर्ट चालवणार असाल तर आधी बघून घ्या. पोस्टग्रेसच्या हॉट स्टँडबायवर टेम्प टेबल तयारच करता येत नाही, एसक्यूएल सर्व्हरच्या वाचता येणाऱ्या सेकंडरीवर करता येतं.

पायरी ७: आवरा, आणि जागेवर लक्ष ठेवा

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स #थंडावलेले’ लिहा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे २०१६पासून आहे. एडिटरमधून तीच स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवताना त्याचा उपयोग होतो, कारण खिडकी उघडी आहे तोवर सेशन जिवंत असतं. प्रोसिजरच्या शेवटी ड्रॉप लिहिणं सक्तीचं नाही, टेबल तसंही जाणारच. लांबलचक प्रोसिजरमध्ये मोठ्या टेबलाचं काम निम्म्यातच संपत असेल तर मात्र तिथेच ड्रॉप करा.

टेम्पडीबी संपूर्ण सर्व्हरला मिळून एकच असते आणि सेवा सुरू होताना दर वेळी नव्यानं बनते. ती भरली की तुमच्याच नाही, सगळ्यांच्या क्वेरी अडतात. पण भरली म्हणून लगेच टेम्प टेबलांवर संशय घेऊ नका. मेमरीत न मावलेलं सॉर्ट आणि हॅश, रो व्हर्जनिंग (रोंच्या जुन्या प्रती) हेही तिथेच राहतं. कोणत्या सेशननं स्वतःच्या टेबलांसाठी किती आणि सर्व्हरच्या अंतर्गत कामासाठी किती पानं घेतली हे ‘डीएम_डीबी_सेशन_स्पेस_यूसेज’ या व्ह्यूमध्ये वेगवेगळं दिसतं. आधी ते बघा, मग कोणाकडे बोट दाखवा. पोस्टग्रेसमध्ये टेम्प_फाइल_लिमिट लावून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत. ती मर्यादा सॉर्ट-हॅशच्या फायलींना लागते, तुम्ही स्वतः केलेल्या टेम्प टेबलांना नाही. तिथेच दुसरी गोष्ट: सतत टेम्प टेबलं बनवणं आणि पाडणं चालू असेल तर सिस्टिम कॅटलॉग (टेबलांची माहिती ठेवणारी डेटाबेसची स्वतःची टेबलं) फुगत जातात. दर सेकंदाला नवं टेबल बनवण्याऐवजी सेशनमध्ये एकदाच बनवून ‘ट्रंकेट’ करत वापरा.

जेव्हा यातलं काहीच चालत नाही

काम एका सेशनमध्ये मावत नसेल, मध्येच पडलं तर तिथूनच पुढे सुरू करायचं असेल, किंवा दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर मधला निकाल दाखवायचा असेल, तर टेम्प टेबलाला ताणत बसू नका. साधं कायमचं टेबल करा, त्याला स्टेजिंग म्हणा. त्यात प्रत्येक खेपेचा क्रमांक ठेवणारा एक कॉलम हवा, म्हणजे दोन खेपा एकाच वेळी चालल्या तरी एकमेकांत मिसळत नाहीत. रो कधी टाकली हे सांगणारा दुसरा कॉलम हवा. आणि जुन्या खेपा पुसणारा जॉब त्याच दिवशी लावायचा, नंतर नाही. जुन्या डेटाबेसमध्ये टीएमपी_, टीएमपी२_, टीएमपी_नवीन_अंतिम अशी टेबलं अजून पडलेली असतात. ती कोणाची, आत काय, कोणी वाचतं का, हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यांच्यात तारखेचा कॉलम नसतो, आणि म्हणून पुसायला कोणाचा हात धजावत नाही.